अंतराळाच्या वाटेचे गणित : कॅथरिन जॉन्सन



'कॉम्प्युटर' हा शब्द तलाठ्याच्या कचेरीपासून शाळेच्या वर्गापर्यंत आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे आणि तो उच्चारताच डोळ्यांपुढे एक यंत्र उभे राहते. परंतु ज्या विदुषीच्या जीवनाविषयी आज बोलावयाचे आहे, तिने नोकरी धरली त्या काळी हे यंत्राचे नाव नव्हते. ते एक पदनाम होते. जसा कारकून, जसा भूमापक, तसा 'कॉम्प्युटर'. म्हणजे आकडेमोड करण्यासाठी पगारावर नेमलेला मनुष्य. आपल्याकडेही 'गणक' म्हणजे पूर्वी गणित मांडणारा माणूस, पंचांगकर्ता जोशी. यंत्राच्या वाट्याला तो शब्द मागाहून आला. अमेरिकेतील वैमानिकी संशोधनात या पदावर बहुतांशी स्त्रियांची नेमणूक होत असे. कॅथरिन जॉन्सन त्यांपैकीच एक. अमेरिकेचा पहिला पृथ्वीप्रदक्षिणा करणारा अंतराळवीर कोठल्या वाटेने जाईल आणि कोठे उतरेल, याचे यंत्राने काढलेले आकडे ज्यांनी हाताने पडताळून पाहिले, त्या याच बाई. २६ ऑगस्ट १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. एवढ्या दीर्घ आयुष्यातील कितीतरी वर्षे त्यांचे नाव त्यांच्या खात्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

पश्चिम व्हर्जिनिया हे अमेरिकेतील डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे राज्य. त्यातील व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या लहानशा गावी कृष्णवर्णीय कुटुंबात कॅथरिन कोलमन जन्मली. वडील जोशुआ कोलमन शेती करीत, लाकूडतोडीची कामे घेत, गावातील ग्रीनब्रायर या धनिकांच्या हॉटेलातही राबत. त्यांचे स्वतःचे शिक्षण सहाव्या इयत्तेच्या पुढे गेले नव्हते. पण उभ्या झाडाकडे पाहून त्यातून किती फळ्या निघतील हे ते अचूक सांगत, असे त्यांची लेक पुढे अभिमानाने सांगे. आई जॉयलेट या शिक्षिका. चार भावंडांत कॅथरिन सर्वांत धाकटी. तिला मोजण्याचा छंद होता. घरापासून रस्त्यापर्यंतची पावले, चर्चच्या पायऱ्या, धुतलेल्या बशा, काटेचमचे. जे मोजता येईल ते ती मोजी. इयत्ता ओलांडीत ती आपल्या मोठ्या भावाच्याही पुढे गेली.

येथे एक अडचण उभी राहिली. त्या जिल्ह्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे सरकारी शिक्षणाची सोय नव्हती. गोऱ्या मुलांची शाळा निराळी, आणि या मुलांसाठी पुढची शाळाच नाही. आठवीनंतर शाळा नाही म्हणजे काय होते, हे या सभेतील शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. मुलगा कामाला लागतो आणि मुलगी घरी बसते. कोलमन दांपत्याने दुसरा मार्ग स्वीकारला. सुमारे १२० मैलांवर इन्स्टिट्यूट नावाचे गाव होते. तेथे कृष्णवर्णीयांसाठी चालविलेले एक महाविद्यालय होते आणि त्याच आवारात माध्यमिक शाळाही होती. शाळेचे वर्ष सुरू झाले की आई चारही मुलांना घेऊन तेथे बिऱ्हाड करी; वडील गावी राहून कमावीत. दोन ठिकाणचा संसार एका कष्टकऱ्याच्या मिळकतीवर त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. चरित्रग्रंथांतून या गोष्टीला फार जागा मिळत नाही, कारण पुढील प्रसंग अधिक दिपवणारे आहेत. परंतु पुढचे सर्व काही ज्यावर उभे राहिले तो पाया हाच होय. कॅथरिन दहाव्या वर्षी माध्यमिक शाळेत दाखल झाली आणि चौदाव्या वर्षी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

त्याच ठिकाणच्या वेस्ट व्हर्जिनिया स्टेट महाविद्यालयात तिचे पुढील शिक्षण झाले आणि तेथे तिला डॉ. विल्यम शिफेलिन क्लेटर हे प्राध्यापक लाभले. क्लेटर यांना १९३३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळाली होती. ही पदवी मिळवणारे ते केवळ तिसरे कृष्णवर्णीय अमेरिकी. संस्थितिशास्त्रातील त्यांचे संशोधन नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते; तथापि मोठ्या विद्यापीठांची दारे वर्णामुळे त्यांना बंद होती. अशा माणसाने आपली निराशा वर्गात आणली असती तर त्याला कोणी फारसा दोष दिला नसता. त्यांनी उलट केले. कॅथरिनची बुद्धी पाहून तिने संशोधक गणिती व्हावे असे त्यांनी तिला सुचविले. अशी नोकरी मिळणार कोठे, असे तिने विचारले तेव्हा ते शोधणे तुझे काम, असे उत्तर मिळाले! आणि महाविद्यालयात शिकवले जाणारे गणिताचे सर्व विषय संपले तेव्हा त्यांनी तिच्यासाठी अवकाशाच्या वैश्लेषिक भूमितीचा एक नवा अभ्यासक्रमच सुरू केला. वर्गात विद्यार्थिनी एकच. एका विद्यार्थिनीसाठी अभ्यासक्रम हा कोणत्याही हिशेबनिसाच्या दृष्टीने अपव्ययच ठरावा. परंतु पुढे ज्या विद्येचा या बाईंना उपयोग झाला, ती नेमकी हीच होती. १९३७ साली, अठराव्या वर्षी, गणित आणि फ्रेंच या दोन विषयांत सर्वोच्च श्रेणीत त्या पदवीधर झाल्या.

क्लेटर यांचे भाकीत मात्र लगेच फळाला आले नाही. शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला त्या काळी बहुधा एकच व्यवसाय खुला असे, तो शिक्षिकेचा. कॅथरिनबाई व्हर्जिनियातील मॅरियन येथील शाळेत शिकवू लागल्या. १९३८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी राज्यासंबंधीच्या एका खटल्यात असा निर्णय दिला की, राज्य गोऱ्या विद्यार्थ्यांना जे उच्च शिक्षण देते ते त्याने कृष्णवर्णीयांनाही राज्यातच उपलब्ध करून दिले पाहिजे. त्यास अनुसरून पश्चिम व्हर्जिनियाने आपल्या विद्यापीठाचे पदव्युत्तर वर्ग गाजावाजा न करता खुले केले आणि पहिल्या तुकडीसाठी जे तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी निवडण्यात आले, त्यांत दोन पुरुष होते व तिसऱ्या कॅथरिन. त्या मॉर्गनटाउनला गेल्या, एक सत्र शिकल्या आणि परत आल्या. त्यांचा जेम्स गोबल यांच्याशी विवाह झाला होता आणि पहिल्या अपत्याची चाहूल लागली होती. पुढील काळ तीन मुलींच्या संगोपनात आणि पुन्हा शाळेत शिकविण्यात गेला. पदवी घेतल्यापासून संशोधनाच्या कामाला हात लागेपर्यंत सोळा वर्षे लोटली.

आता त्या कामाचे ठिकाण पाहू. व्हर्जिनिया राज्यात समुद्रकाठी हॅम्प्टन हे शहर आहे. तेथे राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीची लँगली प्रयोगशाळा होती. याच समितीचे रूपांतर पुढे, १९५८ साली, 'नासा'त झाले. विमानांच्या प्रतिकृती वातबोगद्यात ठेवून, किंवा प्रत्यक्ष उड्डाणे करून जी मापे मिळत, त्यांतून आलेख व निष्कर्ष काढण्यासाठी अवाढव्य आकडेमोड करावी लागे. इंजिनिअरांचा वेळ त्यात जाऊ नये म्हणून १९३५ साली प्रथम पाच स्त्रिया 'कॉम्प्युटर' म्हणून नेमण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांची मागणी वाढली आणि मनुष्यबळ अपुरे पडू लागले. त्याच सुमारास कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यावर, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्ये संरक्षण उद्योगांतील नोकऱ्यांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा आदेश काढला. त्या आदेशाच्या आधारे १९४३ पासून कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांची लँगलीत भरती सुरू झाली. त्यांतील कित्येक जणी शाळांतील गणिताच्या शिक्षिका होत्या.

आदेशाने नोकरी मिळाली. वागणूक काही आदेशाने बदलली नाही. व्हर्जिनिया राज्याच्या रिवाजानुसार या स्त्रियांची कचेरी निराळी, प्रसाधनगृह निराळे आणि भोजनगृहातील मेज निराळे. 'वेस्ट एरिया कॉम्प्युटर्स' हे त्यांच्या शाखेचे नाव. मेजावर 'कृष्णवर्णीय कॉम्प्युटर' अशा अर्थाची पाटी ठेवलेली असे. मिरियम मॅन नावाच्या एका बाईंनी ती पाटी उचलून आपल्या पिशवीत टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली, तीही त्यांनी नेली. असे कितीदा तरी झाले. अखेर पाटी ठेवणाराच थकला.

१९५२ साली एका कौटुंबिक समारंभात कॅथरिनबाईंना एका नातलगाकडून या नोकऱ्यांविषयी समजले. पतीच्या संमतीने कुटुंबाने न्यूपोर्ट न्यूज या शेजारच्या शहरी बिऱ्हाड हलविले आणि १९५३ च्या उन्हाळ्यात त्या लँगलीत रुजू झाल्या. वय पस्तिशीला आलेले. शाखाप्रमुख डॉरोथी वॉन याही मूळच्या शिक्षिकाच. दोनच आठवड्यांत त्यांनी या नव्या गणितीला उड्डाण संशोधन विभागात तात्पुरते पाठविले. तेथे पहिल्याच दिवशी, त्या जाऊन बसताच शेजारचा एक गोरा इंजिनिअर उठून निघून गेला. त्याचे कारण वर्ण की स्त्रीत्व की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी डबा उघडला आणि शांतपणे जेवण केले. दोन आठवड्यांत तोच इंजिनिअर त्यांचा स्नेही झाला. तोही पश्चिम व्हर्जिनियाचाच निघाला. तात्पुरती नेमणूक लांबत चालली तेव्हा वॉनबाईंनी विभागाच्या वरिष्ठांना स्पष्ट विचारले : पगारवाढ देऊन तिला कायम करता, की माझ्याकडे परत पाठवता? कॅथरिनबाई कायम झाल्या. कनिष्ठ सहकाऱ्यासाठी एवढे भांडणारा वरिष्ठ प्रत्येक कचेरीत भेटतोच असे नाही.

उड्डाण विभागातील पहिली चार वर्षे विमानांच्या चाचण्यांची मापे तपासण्यात गेली. निरभ्र आकाशातून एक छोटे विमान अकस्मात कोसळले होते. त्याच्या नोंदींचे गणित करता करता असे दिसून आले की, मोठे विमान निघून गेल्यावरही त्याच्या मागे हवेत बराच वेळ भोवरे राहतात आणि त्यांत सापडलेले लहान विमान उलटू शकते. याच काळात घरी मोठा आघात झाला. पती जेम्स गोबल यांचे मेंदूतील गाठीच्या आजाराने डिसेंबर १९५६ मध्ये निधन झाले. तीन मुली, नोकरी आणि वैधव्य अशी त्या वर्षाची अखेर होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात चढला आणि अमेरिकेत एकच धांदल उडाली. विमानांचा विचार करणाऱ्या मंडळींना अंतराळाचा विचार करणे भाग पडले. इंजिनिअरांच्या बैठका होऊ लागल्या. आकडे काढणाऱ्या स्त्रियांना या बैठकांना येण्याची प्रथा नव्हती. त्यांनी आकडे द्यावेत आणि आत काय ठरले ते नंतर ऐकावे. कॅथरिनबाईंनी बैठकीस येऊ द्या अशी मागणी केली. स्त्रिया बैठकीस येत नाहीत, असे उत्तर मिळाले. त्यांनी विचारले, तसा काही कायदा आहे काय? कायदा नव्हता. केवळ वहिवाट होती. पुष्कळ वेळा विचारल्यावर त्यांना आत प्रवेश मिळाला. प्रशासनाचा अनुभव असलेल्यांना ही गोष्ट परिचित वाटेल. नियमपुस्तकात नसलेले नियमच पुष्कळदा अधिक कडक रीतीने पाळले जातात.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. ते समजून घेण्यास उच्च गणिताची आवश्यकता नाही. नदी ओलांडणारा नावाडी पैलतीरावरील घाट गाठायचा असेल तर नावेचे तोंड सरळ घाटाकडे धरीत नाही. प्रवाह किती ओढील याचा अंदाज घेऊन ते वरच्या अंगाला ठेवतो. अंतराळयानाची गोष्ट थोडीफार अशीच आहे, फक्त येथे तीरच सरकत असतो. यान पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे ८८ मिनिटांत करते. तेवढ्या वेळात त्याच्याखालची पृथ्वी सुमारे २२ अंश पूर्वेकडे फिरलेली असते. म्हणून दुसऱ्या फेरीत यान पहिल्याच गावांवरून जात नाही. त्याचा मार्ग पश्चिमेला सरकतो. भरीस भर म्हणजे पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांकडील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे आणि त्या फुगवट्याची ओढ यानाची कक्षा हळूहळू वळवीत राहते. यानाला बचावनौका उभ्या असलेल्या समुद्रातच उतरवायचे, तर हा सर्व हिशेब उड्डाणापूर्वी झाला पाहिजे.

अग्निबाणाचे इंधन संपून तो थांबतो त्या क्षणी यानाचे तोंड उत्तर दिशेशी किती अंशांचा कोन करते, त्यास दिगंश म्हणतात. पुढील सर्व वाट त्या एका कोनावर बरीच अवलंबून. कॅथरिनबाईंनी प्रश्न उलट बाजूने धरला. यान कोठे उतरवायचे आणि किती फेऱ्यांनंतर, ते सांगा. ते कोठून, केव्हा व कोणत्या दिगंशाने सोडायचे ते काढून देते, अशी त्यांची पद्धत. पण यात एक पेच आहे. दिगंश काढायचा तर प्रवासास लागणारा वेळ ठाऊक हवा, आणि वेळ काढायचा तर दिगंश ठाऊक हवा. म्हणून आधी एक अंदाज धरावयाचा, त्यावरून उत्तर काढावयाचे, त्या उत्तराने अंदाज सुधारावयाचा आणि फरक नगण्य होईपर्यंत हे चक्र चालू ठेवावयाचे. मेजावरील यांत्रिक गणकयंत्र, पेन्सिल आणि कागदाचे रुंद तक्ते एवढ्या साधनांवर हे काम चाले.

या पद्धतीवरील संशोधन-निबंध १९६० साली नासाने प्रसिद्ध केला. इंजिनिअर टेड स्कोपिन्स्की यांच्यासमवेत हे काम चालले होते. स्कोपिन्स्की यांना दुसरीकडे जावयाचे होते. बहुतेक काम कॅथरिननेच केले आहे, तेव्हा निबंध तिलाच पुरा करू द्या, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. निबंधावर दोन नावे छापली गेली : टी. एच. स्कोपिन्स्की आणि कॅथरिन जी. जॉन्सन. (जेम्स जॉन्सन यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह १९५९ साली झाला होता.) उड्डाण संशोधन विभागातील एखाद्या अहवालावर लेखक म्हणून स्त्रीचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ. या घटनेचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. वस्तुतः पुढच्या प्रसिद्ध प्रसंगापेक्षाही ती अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. अहवाल कोणीतरी तयार करतो आणि त्याखाली नाव दुसऱ्याचे येते, ही रीत जगातील बहुतेक कचेऱ्यांत रूढ आहे. लँगलीत पंचवीस वर्षे असंख्य स्त्रियांनी आकडे काढले आणि ते आकडे पुरुषांच्या नावांनी ग्रंथालयात गेले. आपल्या नावाचा वाटा सोडून 'हे काम तिचे आहे' असे म्हणणारा सहकारी भेटला म्हणून हे एक नाव वर आले. पुढे अशा २६ अहवालांवर त्यांचे नाव आले.

५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड हे अंतराळात जाणारे पहिले अमेरिकी ठरले. त्यांचे उड्डाण केवळ १५ मिनिटांचे होते. गोफणीतून सुटलेला दगड जशी कमान करून पडतो तसे ते १८७ किलोमीटर उंच जाऊन अटलांटिक महासागरात उतरले. या कमानीचे गणित कॅथरिनबाईंनी केले होते. प्रदक्षिणेचे उड्डाण त्याहून कितीतरी अवघड. त्यासाठी जगभर संपर्ककेंद्रांचे जाळे उभारले गेले होते आणि गणिताचे काम आयबीएमच्या मोठ्या विद्युत् संगणकांवर सोपविले होते. ही यंत्रे नवी होती आणि अधूनमधून बंद पडत. ज्याचा जीव त्यांच्या भरवशावर टांगला जाणार होता, त्या जॉन ग्लेन यांना हे रुचले नाही. त्यांनी सांगितले, त्या मुलीकडून आकडे तपासून घ्या. ते बरोबर आहेत असे ती म्हणाली तर माझी तयारी आहे. 'ती मुलगी' म्हणजे तीन मुलींची आई असलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या कॅथरिनबाई! या स्त्रियांचा उल्लेख कचेरीत त्याच शब्दाने होई. बाईंनी यंत्रात घातलेली तीच समीकरणे, तेच आकडे घेतले आणि दीड दिवस बसून एकेक पायरी हाताने सोडविली. आठ-आठ अंकांपर्यंतची उत्तरे यंत्राशी जुळली.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी ग्लेन यांचे 'फ्रेंडशिप ७' यान उडाले, त्याने तीन प्रदक्षिणा केल्या आणि ४ तास ५५ मिनिटांनी ते समुद्रात उतरले. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, ती बहुधा सांगितली जात नाही. यान ठरल्या जागेपासून सुमारे ६४ किलोमीटर अलीकडे पडले. परतीच्या गणितात, प्रवासात खर्च झालेल्या पदार्थांमुळे यानाचे वजन घटते, ही बाब धरलेली नव्हती. आकडेमोड निर्दोष असूनही गृहीतात एक लहानशी गोष्ट सुटली तर उत्तर चुकते, हे गणिताच्या शिक्षकांना सांगावयास नको. बचावनौका फार दूर नव्हती, म्हणून काही बिघडले नाही. या उणिवेने त्या दीड दिवसाच्या कामाचे मोल कमी होत नाही. यंत्राच्या उत्तरावर मनुष्याने विश्वास केव्हा ठेवावा, या प्रश्नाला तेथे एक चोख उत्तर मिळाले होते.

चंद्रमोहिमेतही कॅथरिनबाईंचा हात होता. चंद्रावर उतरलेले छोटे यान वर उडून, चंद्राभोवती फिरत असलेल्या मुख्य यानाला नेमके गाठील यासाठीच्या गणितात त्यांनी काम केले. जुलै १९६९ मध्ये मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा त्या एका महिला संघटनेच्या संमेलनासाठी पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात गेल्या होत्या आणि इतर स्त्रियांसमवेत त्यांनी तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहिला. यानातील यंत्रणा बिघडल्यास ताऱ्यांच्या निरीक्षणावरून वाट कशी काढावी, याच्या पर्यायी पद्धतीही त्यांनी सहकाऱ्यासमवेत मांडल्या होत्या. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ला वाटेत अपघात झाला तेव्हा अशा पर्यायी तयारीची किंमत सर्वांना उमगली. पुढे अंतराळ-शटल आणि पृथ्वीवरील साधनसंपत्तीची पाहणी करणारा उपग्रह यांवर त्यांनी काम केले. हा उपग्रह म्हणजे १९७२ साली सोडलेला लँडसॅट मालिकेतील पहिला. पिके, जंगले, जलाशय यांची आकाशातून पाहणी करण्याचे युग तेथून सुरू झाले. त्या मालिकेतील उपग्रहांची चित्रे १९७९ मध्ये भारतातही, हैदराबादजवळील केंद्रात, थेट मिळू लागली. ३३ वर्षांच्या सेवेनंतर १९८६ साली कॅथरिनबाई निवृत्त झाल्या.

प्रसिद्धी मात्र फार उशिरा आली. अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते २४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. २०१६ साली मार्गो ली शेटर्ली यांचे 'हिडन फिगर्स' हे पुस्तक निघाले. लेखिकेचे वडील स्वतः लँगलीत संशोधक होते. त्याच वर्षी पुस्तकावर चित्रपटही निघाला आणि तो खूप गाजला. चित्रपटात कॅथरिनबाई प्रसाधनगृहासाठी दूरच्या इमारतीपर्यंत धावत जातात असे दाखविले आहे. तसे प्रत्यक्षात घडले नाही. आपल्याच इमारतीतील ज्या प्रसाधनगृहाच्या दारावर पाटी नव्हती, ते त्या सरळ वापरीत. कोणीतरी तक्रार केल्यावरही त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले आणि प्रकरण तेथेच थांबले. अपमानाचा तो अनुभव त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन यांचा होता. गोऱ्यांच्या शाळेत भरणाऱ्या रात्रवर्गात बसण्यासाठी शहराच्या प्रशासनाकडे अर्ज करून ज्यांना परवानगी मिळवावी लागली आणि ज्या १९५८ साली नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-इंजिनिअर झाल्या, त्या या मेरी जॅक्सन. चित्रपटाने एकीचा अनुभव दुसरीला दिला. कथेच्या सोयीसाठी ते क्षम्य असेल. पण जेथे मूळ प्रश्नच कोणाचे काम कोणाच्या नावावर लागले हा आहे, तेथे एवढा भेद नोंदविलेला बरा.

२०१७ साली लँगलीतील संगणन-संशोधनाच्या नव्या इमारतीला कॅथरिन जॉन्सन यांचे नाव देण्यात आले. डॉरोथी वॉन यांना असे दिवस पाहावयास मिळाले नाहीत. यंत्रे आल्यावर आपल्या हाताखालच्या स्त्रियांची कामे जातील हे ओळखून ज्यांनी संगणकाची भाषा स्वतः शिकून घेतली आणि इतरांनाही शिकविली, त्या वॉनबाई २००८ साली वारल्या. मेरी जॅक्सन २००५ सालीच गेल्या होत्या. २०१९ साली अमेरिकी काँग्रेसने सुवर्णपदकांचा कायदा संमत केला. त्यात कॅथरिन जॉन्सन, डॉरोथी वॉन, मेरी जॅक्सन आणि क्रिस्टीन डार्डेन यांच्या नावे चार पदके होती. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथे ती समारंभपूर्वक देण्यात आली, तेव्हा चौघींपैकी एकट्या डार्डेनबाई हयात होत्या. त्या कायद्यात पाचवे पदकही आहे. १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत या समितीत आणि नासात कॉम्प्युटर, गणिती व इंजिनिअर म्हणून काम केलेल्या सर्व स्त्रियांसाठी ते आहे. त्यावर कोणाचेही नाव नाही.